पाण्यातले मुक्तजीवी सूत्रकृमी: शरीररचना आणि वर्गीकरण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्याचा गाळ किंवा समुद्रकिनाऱ्याची ओली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की सगळ्यात आधी वळवळताना दिसतात ते सूत्रकृमी. मग पुढचा प्रश्न ठरलेला: हा कुठला? नवखी मंडळी उत्तरासाठी थेट वर्गीकरणाच्या तक्त्याकडे धावतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी शरीर नीट बघायला शिका. गणांची आणि वर्गांची नावं गेल्या शंभर वर्षांत कितीदा तरी बदलली, डोक्यावरचे रोम, म्हणजे केसांसारखे संवेदी अवयव, मात्र होते तिथेच आहेत. म्हणून इथे शरीररचना आधी घेतली आहे आणि वर्गीकरण नंतर.

मुक्तजीवी सूत्रकृमी म्हणजे पोटातले जंतच ना?

संघ एकच, नेमॅटोडा. पण राहणी वेगळी. जंत दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात राहतात. मुक्तजीवी सूत्रकृमी गाळात, वाळूच्या कणांमधल्या पाण्यात, शेवाळावर किंवा दगडांवरच्या बुळबुळीत थरात राहतात आणि जिवाणू, शैवाल, सडका पाला, नाहीतर एकमेकांना खाऊन जगतात. आजवर वर्णन झालेल्या सूत्रकृमींच्या जाती 25,000च्या वर आहेत. अजून न सापडलेल्यांचे अंदाज काही लाखांपासून थेट कोटींपर्यंत जातात, तेव्हा त्या आकड्यांवर फार विसंबू नये.

हा सूत्रकृमीच आहे, हे कसं ओळखायचं?

हालचालीवरून. सूत्रकृमी इंग्रजी ‘एस’च्या आकारात झटके देत वळवळतो, पण त्याची लांबी बदलत नाही. आखडणं-ताणणं त्याला जमतच नाही. एखादा किडा लांब होतोय, परत आखूड होतोय, अंगावर खंड दिसताहेत आणि प्रत्येक खंडावर केसांचे झुबके आहेत, तर तो गांडुळाच्या नात्यातला नायडिड. चपटा असेल आणि न वळवळता सरकत असेल तर प्लॅनेरिया. लांबच लांब, तपकिरी, वितभर धागा दिसला तर तो बहुधा नेमॅटोमॉर्फा संघातला केसकृमी. सूत्रकृमींचा जवळचा नातलग खरा, पण वेगळा संघ.

मग सूत्रकृमीला आखडता का येत नाही?

कारण त्याच्या अंगात गोलाकार स्नायू नाहीतच. आहेत ते फक्त उभे, डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारे. गांडुळाला दोन्ही प्रकारचे स्नायू असतात, म्हणून तो लांब-आखूड होऊ शकतो.

ही व्यवस्था सावकाश समजून घेण्यासारखी आहे. सगळ्यात बाहेर उपत्वचा असते, मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची, अनेक थरांची. तिच्याखाली अधित्वचा, जी चार ठिकाणी आत जाड होऊन उभे पट्टे बनवते: एक पाठीकडे, एक पोटाकडे, दोन बाजूंना. या पट्ट्यांमधल्या चार जागांत उभे स्नायू बसलेले असतात. आत आभासी देहगुहा, म्हणजे शरीरभिंत आणि आतडं यांच्यामधली पोकळी, आणि तिच्यात दाबाखालचा द्रव. गच्च हवा भरलेली सायकलची ट्यूब वाकवून सोडली की ती परत सरळ होते, तसंच इथे होतं: एका बाजूचे स्नायू आकुंचन पावले की शरीर वाकतं, आणि आतला दाब व ताणलेली उपत्वचा मिळून ते परत जागेवर आणतात.

आणखी एक गंमत. बहुतेक प्राण्यांत मज्जातंतू स्नायूपर्यंत जातो. इथे स्नायूपेशीच आपला हात लांबवून मज्जारज्जूपर्यंत पोचते. मुख्य रज्जू दोन, पाठीचा आणि पोटाचा. त्यामुळे शरीर पाठ-पोट याच दिशेने वाकतं, आणि पृष्ठभागावर वळवळताना सूत्रकृमी कुशीवर पडलेला असतो. काचपट्टीवर तुम्हाला जवळजवळ नेहमी त्याची बाजू दिसते ती याचमुळे. चित्रांमध्येही तो असाच काढतात.

आकार किती असतो?

पाण्यातले बहुतेक अर्धा ते तीन मिलिमीटर. काही त्याहून लहान. लेप्टोसोमॅटिडी कुलातले काही समुद्री सूत्रकृमी मात्र काही सेंटिमीटरपर्यंत जातात. चाळणीच्या भाषेत हे ‘मेयोफॉना’ गटात मोडतात, म्हणजे एक मिलिमीटरच्या जाळीतून जातात आणि काही दहा मायक्रॉनच्या जाळीवर अडकतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). संख्या मात्र प्रचंड: समुद्रतळाच्या एका चौरस मीटरमध्ये दहा लाख सापडणं ही नेहमीची गोष्ट. खोल समुद्रात मेयोफॉनातले दहापैकी नऊ प्राणी सूत्रकृमी निघतात.

यांना अळीची अवस्था असते का?

नाही. अंड्यातून निघतं ते पिल्लू मोठ्यांसारखंच दिसतं, फक्त प्रजननेंद्रियं तयार नसतात. चार वेळा कात टाकून ते प्रौढ होतं. पाण्यात तरंगत दूर जाणारी अवस्था यांच्यात नाही.

डोक्याकडे नेमकं काय बघायचं?

ओळखीचा निम्मा भाग इथे आहे, म्हणून घाई करू नका. सर्वांत मोठ्या भिंगाखाली, तेलाचा थेंब टाकून, फोकस हळूहळू खालीवर करत बघा.

मूळ आराखडा सहाच्या हिशेबाचा. तोंडाभोवती सहा ओठ. त्यांच्यावर संवेदी अवयवांची तीन वर्तुळं: आतलं सहाचं, मधलं सहाचं आणि बाहेरचं चारचं. हे अवयव कधी लांब रोम असतात, कधी नुसते बारीक उंचवटे, म्हणजे पिंडिका. मधली सहा आणि बाहेरची चार वेगवेगळ्या पातळीवर असतील तर 6+6+4 असं लिहितात. दोन्ही एकाच वर्तुळात आली तर 6+10. एवढ्या एका नोंदीने अनेक कुलं यादीतून गळतात. रोमांची लांबी मोजताना ती डोक्याच्या रुंदीच्या टक्केवारीत द्यायची पद्धत आहे. नुसते मायक्रॉन लिहिले तर मोठ्या आणि लहान प्राण्याची तुलना होत नाही.

त्याच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक, अ‍ॅम्फिड नावाचा अवयव असतो. हा रसायनं ओळखतो, म्हणजे वासाचंच काम. बाहेरून दिसतो तो त्याचा खाचेसारखा भाग. प्राणी कुशीवर पडलेला असल्यामुळे एक अ‍ॅम्फिड अगदी समोर येतो, ही आपली सोय.

अ‍ॅम्फिडचे आकार किती प्रकारचे?

ढोबळमानाने चार: खिसा, आडवी चीर, आवर्त (म्हणजे गुंडाळी) आणि वर्तुळ.

एनोप्लिडा गणात तो खिशासारखा, आवर्त नसलेला. क्रोमॅडोरिडी कुलात बहुधा आडवी चीर. तिच्याच गणातल्या सायॅथोलायमिडी कुलात अनेक वेढ्यांचं सुरेख आवर्त. कोमेसोमॅटिडीतही आवर्तच, तिथे सॅबॅटिएरिया ही प्रजाती (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) चिखलाच्या समुद्रतळावर हमखास भेटते. मॉनहिस्टेरिडी आणि झायालिडीत गोल. काही जातींत नराचा अ‍ॅम्फिड मादीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे अ‍ॅम्फिडच्या आकारमानावरून दोन जाती वेगळ्या म्हणायच्या आधी दोन्ही नमुन्यांचं लिंग तपासा.

तोंडावरून तो काय खातो हे कळतं?

बऱ्यापैकी. 1953 साली व्हीझर या संशोधकाने समुद्री सूत्रकृमींचे मुखगुहिकेवरून, म्हणजे तोंडातल्या पोकळीवरून, चार आहारगट केले आणि ते आजही वापरात आहेत. मुखगुहिका नाहीच किंवा अगदी नगण्य, तो 1अ: जिवाणूंसारखे बारीक कण निवडून शोषणारा. गुहिका आहे पण दात नाहीत, तो 1ब: गाळातलं मिळेल ते गिळणारा. लहान दात असलेली गुहिका म्हणजे 2अ: कणांवरचं शैवाल खरवडणारा किंवा डायॅटम (कडक कवचाचं एकपेशीय शैवाल) फोडून आतलं शोषणारा. मोठी गुहिका आणि भक्कम दात किंवा जबडे, तो 2ब: शिकारी किंवा सर्वभक्षी. ऑन्कोलायमिडी कुल या शेवटच्या गटातलं. त्यांच्या गुहिकेत तीन दात असतात, एक पाठीकडचा आणि दोन पोटाकडच्या अंगाला.

ही विभागणी सोयीची आहे, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. दात असलेला प्रत्येक प्राणी रोज शिकार करतो असं नाही. जिवंत प्राणी खाताना बघितले की एकच जाती दोन गटांसारखी वागताना दिसते.

गोड्या पाण्यात दोन तोंडं चटकन ओळखू येतात. मोनॉन्किडातली पिंपाच्या आकाराची, जाड भिंतीची गुहिका आणि तिच्यात पाठीकडचा मोठा दात. हे इतर सूत्रकृमी आणि रोटिफर नावाचे सूक्ष्म जलचर खातात. दुसरं डोरिलेमिडातलं: आत पोकळ सुईसारखा, पुढे-मागे सरकणारा भाला. हा भक्ष्याच्या पेशीत खुपसून आतला रस शोषला जातो. डोरिलेमस स्टॅग्नॅलिस ही तळ्यातली मोठी, सहज सापडणारी जाती, सुरुवात करायला उत्तम.

तोंडाच्या मागे काय?

स्नायूंची ग्रसनी, म्हणजे घशाची नळी. तिची आतली पोकळी आडव्या छेदात तीन फाट्यांची दिसते. त्रिज्येच्या दिशेने जाणारे स्नायू आकुंचन पावले की पोकळी उघडते आणि अन्न आत खेचलं जातं. स्नायू सैल पडले की ती आपोआप मिटते. देहगुहेतल्या दाबाविरुद्ध अन्न ढकलायचं असतं, म्हणून हा पंप लागतो. ग्रसनी सरळ नळीसारखी आहे, मागे फुगीर कंद आहे, की पुढे बारीक आणि मागे रुंद अशी दोन भागांची आहे (हे डोरिलेमिडाचं लक्षण), ते नोंदवा. ग्रसनीनंतरचं आतडं म्हणजे पेशींच्या एका थराची नळी, तिला स्वतःचे स्नायू नाहीत. मादीत शेवटी गुदद्वार, नरात अवस्कर, कारण तिथे प्रजननमार्गही येऊन मिळतो.

हृदय, फुफ्फुसं, डोळे?

हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, कल्ले नाहीत. प्राणवायू कातडीतून शिरतो. ग्रसनीभोवती मज्जावलय असतं, मेंदूच्या जागी तेच. डोळे म्हणावेत असे रंगीत ठिपके काही समुद्री जातींत आणि गोड्या पाण्यातल्या क्रोमॅडोरिना बायोक्युलाटासारख्या थोड्यांत असतात. उत्सर्जनासाठी, निदान नाव तरी तसं आहे, पोटाकडच्या बाजूला बहुधा एकच मोठी ग्रंथीपेशी असते आणि ती एका छिद्राने बाहेर उघडते. छिद्र कुठे आहे ते ओळखीला उपयोगी पडतं, पण शोधताना डोळे दुखतात.

काही सूत्रकृमी काचेला शेपटीने चिकटून का राहतात?

शेपटीत साधारण तीन पुच्छग्रंथी असतात. त्यांचा चिकट स्राव शेपटीच्या टोकावरच्या छिद्रातून येतो. वाहत्या पाण्यात आणि लाटांच्या वाळूत वाहून न जाण्यासाठी हा नांगर. समुद्री जातींत तो जवळजवळ सार्वत्रिक, डोरिलेमिडा आणि बहुतेक ऱ्हॅब्डिटिडात तो नाही. पिपेटने उचलताना प्राणी सुटत नसेल तर जोर लावू नका. थोडं थांबा, स्वतःच सोडतो.

नर-मादी कसे ओळखायचे?

नराच्या मागच्या भागात स्पिक्यूल नावाची वाकडी, कडक, बहुधा जोडीतली साधनं दिसतात. मीलनात ती मादीचं जननद्वार उघडून धरतात. त्यांना आधार देणारा कडक तुकडा म्हणजे गुबर्नॅक्युलम. अवस्कराच्या पुढे पोटावर रांगेत पूरक अवयव असू शकतात, कधी पिंडिका, कधी नळ्या, कधी वाट्या. टोब्रिलस या प्रजातीच्या नरात ते इतके ठळक असतात की कमी भिंगाखालीही लक्ष जातं. शुक्रपेशींना शेपूट नसतं, त्या अमीबासारख्या सरकतात.

मादीचं जननद्वार पोटाच्या बाजूला, बहुधा मध्याच्या आसपास. अंडाशय एक की दोन, सरळ ताणलेले की टोकाकडून दुमडलेले, हे वर्गीकरणात वजनदार लक्षण आहे. मॉनहिस्टेरिडात सरळ, क्रोमॅडोरिडा आणि एनोप्लिडात दुमडलेले. त्याहून बारीक गोष्ट: मॉनहिस्टेरिडीत पुढचा अंडाशय आतड्याच्या उजवीकडे असतो, झायालिडीत डावीकडे. बाहेरून सारखी दिसणारी ही दोन कुलं वेगळी करायला याचा फार उपयोग होतो.

पिल्लावरून जाती सांगता येते का?

नाही. प्रजातीपर्यंत कधीकधी. जातीसाठी नर हवाच, आणि एकाहून जास्त हवेत.

आज मान्य असलेलं वर्गीकरण कोणतं?

द ले आणि ब्लॅक्स्टर या संशोधकांनी 2002 साली मांडलेली चौकट बहुतेक ठिकाणी वापरतात. तिच्यात दोन वर्ग: एनोप्लीआ आणि क्रोमॅडोरीआ. एनोप्लीआ वर्गात दोन उपवर्ग, एनोप्लिया आणि डोरिलेमिया. क्रोमॅडोरीआत एकच, क्रोमॅडोरिया. वर्ग आणि उपवर्गांची नावं एका अक्षराने वेगळी आहेत, त्यामुळे लिहिताना ‘वर्ग’ की ‘उपवर्ग’ हे सांगाच. या तीन मोठ्या शाखांपैकी मुळाशी आधी कोण फुटलं, यावर एकमत झालेलं नाही.

पाण्यात भेटणारे गण असे. एनोप्लिया उपवर्गात एनोप्लिडा (बहुतांश समुद्री, अनेकदा आकाराने मोठे, उपत्वचा गुळगुळीत) आणि ट्रिप्लॉन्किडा, ज्यात टोब्रिलस आता धरतात. डोरिलेमियात डोरिलेमिडा आणि मोनॉन्किडा, दोन्ही गोड्या पाण्यातले आणि मातीतले. समुद्रात ते जवळपास नाहीतच. बाकीचा मोठा पसारा क्रोमॅडोरियात: क्रोमॅडोरिडा (उपत्वचेवर ठिपक्यांच्या रांगा), डेस्मोडोरिडा (ठळक वलयं, डोक्यावर बहुधा कडक टोपी), मॉनहिस्टेरिडा (गोल अ‍ॅम्फिड), अरेओलायमिडा, डेस्मोस्कोलेसिडा, प्लेक्टिडा आणि ऱ्हॅब्डिटिडा. शेवटच्या गणात प्रयोगशाळांमधला सुप्रसिद्ध सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स येतो. त्याच्या द्विलिंगी प्रौढात 959 कायिक पेशी (प्रजननपेशी सोडून बाकीच्या) आणि त्यांतल्या 302 चेतापेशी मोजलेल्या आहेत.

जुन्या पुस्तकांत अ‍ॅडेनोफोरिया आणि सेसेर्नेन्टिया आहे. ते चुकीचं का?

चुकीचं म्हणण्यापेक्षा कालबाह्य. 1865 साली बॅस्टियन या संशोधकाने एका झटक्यात 100 नव्या जातींचं वर्णन केलं तेव्हापासून सामान वाढत गेलं, पण ते लावायची नीट पद्धत नव्हती. 1933 मध्ये चिटवुड दांपत्याने शेपटीजवळच्या फॅस्मिड या संवेदी अवयवावरून दोन भाग केले: फॅस्मिड असलेले आणि नसलेले. पुढे ती नावं बदलून सेसेर्नेन्टिया आणि अ‍ॅडेनोफोरिया आली.

अडचण अशी की ‘अमुक अवयव नाही’ यावरून नातं सिद्ध होत नाही. पाण्यातले जवळजवळ सगळे अ‍ॅडेनोफोरियात कोंबले गेले, ते एकमेकांचे नातलग असोत-नसोत. 1981 साली लोरेन्झेन यांनी समुद्री सूत्रकृमींची लक्षणं नव्याने तपासली. अंडाशयाची डावी-उजवी बाजू वगैरे बारकावे त्यांनीच पुढे आणले. 1998 मध्ये ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) जनुकावरून वंशवृक्ष काढला तेव्हा सेसेर्नेन्टिया हा क्रोमॅडोरियाच्याच आतला एक फाटा निघाला. म्हणजे आतल्या फाट्याला बाहेरच्या झाडाच्या बरोबरीचा दर्जा दिला होता. जुनी चित्रं आणि मापं मात्र अजून सोन्यासारखी आहेत, ती टाकू नका.

a, b, c आणि V ही अक्षरं काय?

दे मान या डच प्राणिशास्त्रज्ञाची गुणोत्तरं. समजा प्राण्याची लांबी 1200 मायक्रॉन, सर्वाधिक रुंदी 30, ग्रसनी 200, शेपटी 120 आणि जननद्वार पुढून 600 वर आहे. मग a म्हणजे लांबी भागिले रुंदी, 40. b म्हणजे लांबी भागिले ग्रसनी, 6. c म्हणजे लांबी भागिले शेपटी, 10. V म्हणजे जननद्वाराचं स्थान टक्क्यांत, 50. वाकड्या प्राण्याची लांबी मधल्या रेषेवरून मोजायची, टोकापासून टोकापर्यंत सरळ पट्टी लावून नव्हे. आच्छादन काचेच्या दाबाने प्राणी चपटा झाला असेल तर a सरळ खोटा येतो.

गाळातून ते वेगळे कसे काढायचे?

नमुना 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग पाण्यात ढवळून, जड वाळू खाली बसू देऊन, वरचं पाणी 38 मायक्रॉनच्या आसपासच्या चाळणीतून गाळायचं. चिखल जास्त असेल तर लुडॉक्स हे सिलिकाचं द्रावण घनता 1.15 ते 1.18 ठेवून वापरतात: प्राणी वर तरंगतात, माती तळाशी जाते. समुद्री नमुना असेल तर आधी गोड्या पाण्याने चांगला धुवा. मिठाशी गाठ पडली की लुडॉक्सचा गोळा होतो आणि सगळा नमुना वाया जातो.

कायमच्या काचपट्टीसाठी प्राणी ग्लिसरीनमध्ये न्यायचे, पण हळूहळू, अल्कोहोल आणि पाणी उडू देत. एकदम शुद्ध ग्लिसरीनमध्ये टाकला तर तो चिरमटतो. आच्छादन काचेखाली प्राण्याच्या जाडीएवढे काचमणी ठेवले की तो चेपत नाही. कडेला मेणाचं वलय.

डीएनएवरून ओळख होते, मग एवढी मेहनत कशाला?

डीएनएमधल्या घटकांचा क्रम मिळेल, पण तो जुळवायला संदर्भसाठ्यात त्या जातीचा क्रम आधी असावा लागतो, आणि पाण्यातल्या असंख्य जातींचा तो नाही. दोन्ही कामं करायची असतील तर फॉर्मॅलिन टाळा, ते डीएनए खराब करतं. डीएमएसओ आणि ईडीटीए ही रसायनं आणि संपृक्त मीठ यांच्या ‘डेस’ द्रावणात शरीराचा आकारही टिकतो आणि डीएनएही. आधी फोटो आणि मापं घ्यायची, मग तोच प्राणी नळीत टाकायचा. उलटा क्रम लावलात तर बघायला काही उरत नाही.

नेहमीच्या साच्यात न बसणारे कोणते?

डेस्मोस्कोलेक्सच्या अंगावर स्राव आणि मातीच्या कणांची जाड वलयं असतात, बहुतेक जातींत 17. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो सूत्रकृमी वाटतच नाही. ड्रॅकोनेमॅटिडी कुलातल्यांना डोक्याकडे आणि मागे चिकटणाऱ्या नळ्या असतात, त्यांच्या जोरावर ते पुढची बाजू टेकवून मागची ओढत चालतात. स्टिल्बोनेमॅटिनी उपकुलातले अंगावर गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर वागवतात, आणि अ‍ॅस्टोमोनेमाला तर तोंडच नाही. त्याचे जिवाणू शरीराच्या आत राहतात. 2011 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली 1.3 किलोमीटरवरच्या भेगांमधल्या पाण्यातून हॅलिसेफॅलोबस मेफिस्टो या नव्या जातीचं वर्णन झालं.

घरच्या माशांच्या टाकीत दिसले तर?

मुक्तजीवी असतील तर माशांना त्रास नाही. ते वाढलेत याचा अर्थ तळाशी न खाल्लेलं अन्न साचलंय. खाणं कमी करा, तळ साफ करा. आणि फेकून द्यायच्या आधी एक थेंब काचपट्टीवर घ्या: टाकीतल्या गाळात बहुधा मॉनहिस्टेरिडी किंवा ऱ्हॅब्डिटिडा निघतात, गोल अ‍ॅम्फिड आणि टोकदार शेपटी दिसते का तेवढं बघा.